किशोर कादंबरी: नववीतल्या गाणाऱ्या मुलाचा फुटणारा आवाज आणि मैत्रिणीचा तबला. तपशील तपासून हवेत

शाईपेन:

नमस्कार मंडळी. तेरा ते सोळा वयाच्या वाचकांसाठी कादंबरी लिहिते आहे. मिहिर नववीत आहे, लालबागच्या चाळीत राहतो, लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकतो. सायली त्याच्या वर्गातली, ती तबला वाजवते. शाळा सुरू होते त्या जूनपासून जानेवारीतल्या स्नेहसंमेलनापर्यंतची गोष्ट. तिथे दोघांचा कार्यक्रम ठरलेला आहे, त्याचं गाणं आणि तिची साथ. मधल्या काळात मिहिरचा आवाज फुटतो.

पहिल्या खर्ड्यात ते एकाच प्रसंगात आहे: आंतरशालेय स्पर्धेत तार सप्तकात, म्हणजे वरच्या स्वरांत, आवाज फाटतो आणि तो रडत स्टेजवरून उतरतो. गाणारी माणसं हे वाचून हसतील का? आवाज फुटताना गाणाऱ्या मुलाला नेमकं काय होतं? पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सा, बदलली की साथीच्या तबल्याचं काय करायचं? आणि संगीत न शिकलेल्या मुलाला कंटाळा न येता ताल कागदावर कसा आणायचा? अभंग किंवा सिनेमातल्या गाण्यांच्या ओळी छापता येतात का, तेही सांगा. जाणकारांनी सविस्तर लिहिलं तर फार मदत होईल.

---

मंद्रसप्तक:

हसणार नाहीत, पण एवढ्यावर पटणारही नाही. आवाज एका संध्याकाळी फुटत नाही. त्याला महिने लागतात, कुणाला वर्षही लागतं, आणि तुमच्या गोष्टीचा ऐवज त्या महिन्यांतच आहे.

साधारण बारा ते पंधरा वयात मुलांचं स्वरयंत्र झपाट्यानं वाढतं, कंठमणी पुढे येतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. सगळं स्थिरावेपर्यंत आवाज जवळजवळ एक सप्तक खाली गेलेला असतो. मुलींचाही आवाज या वयात बदलतो, पण दीड-दोन स्वरांइतकाच, त्यामुळे सायलीच्या घरी कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आता क्रम बघा. आधी बोलण्याचा आवाज जड होतो, फोनवर नातेवाईक मिहिरला त्याचे बाबा समजतात. गाण्यात सर्वांत आधी वरचं टोक जातं. मे महिन्यात तार गंधार (वरचा ग) सहज लागत होता, तो जूनमध्ये हनुवटी वर करून, मानेच्या शिरा ताणून लागतो. मग मधोमध खिंडार पडतं. मध्य सप्तकात दोन-तीन स्वर असे होतात की तिथे नुसता वारा येतो, नाहीतर आवाज जाड बाजूवरून पातळ बाजूवर एकदम उडतो. त्याच्या वर सूर आहे, खाली सूर आहे, मधे काहीच नाही. चढताना जिथे तुटतो, उतरताना तिथेच तुटेल याचाही भरवसा नसतो. आज पंचमावर (प), उद्या धैवतावर (ध).

यात एक गोष्ट लेखक हमखास विसरतात. कान शाबूत असतो. सूर कुठे आहे हे मिहिरला पक्कं माहीत आहे, कालपर्यंत त्या सुरासाठी गळ्याला किती जोर द्यायचा हेही माहीत आहे. आज तोच जोर दिला की दुसराच सूर येतो. म्हणून गाणारा मुलगा न गाणाऱ्यापेक्षा जास्त हादरतो. त्याला स्वतःची प्रत्येक चूक स्वच्छ ऐकू येत असते.

पट्टी: ती पेटीच्या पट्ट्यांवरून सांगतात, सा ज्या पट्टीवर धरायचा तिचं नाव, सप्तकातली चौथी काळी ती काळी ४. आवाज फुटण्याआधी मुलं बायकांच्या पट्टीत गातात, काळी ४ किंवा काळी ५. पुढे बहुतेक जण काळी १, पांढरी २ च्या आसपास येतात. काळी ४ वरून काळी १ म्हणजे पांढरी ५, काळी ३, पांढरी ४, पांढरी ३, काळी २, पांढरी २ आणि मग काळी १, एकूण सात पायऱ्या. शहाणे गुरुजी मुलाला एकदम खाली ढकलत नाहीत. दर पंधरा दिवसांनी नवा सा लावून बघतात, गळा कुठे सैल राहतो ते ऐकतात. तुमच्या प्रकरणांचे टप्पे यातूनच पडतील: जुलैत काळी ३, गणपतीनंतर पांढरी ३, दिवाळीच्या सुटीत काळी १.

रियाज बंद करायचा नसतो, आखडता घ्यायचा असतो. पंधरा-वीस मिनिटांच्या दोन बैठका, हलका आकार (‘आ’ म्हणत गाणं), तार सप्तक पूर्ण बंद. नवा खर्ज (खालचे जड स्वर) सापडल्याच्या आनंदात मुलं तो दाबून लावतात, तेही नको. घसा खाकरून साफ करत बसायचं नाही, पाणी प्यायचं. बिघडतं कधी? ‘जोर लाव, येईल’ म्हणणारं कुणीतरी घरात असतं तेव्हा. जोर लावून आवाज घोगरा होतो आणि पातळ, खोटा आवाज काढायची सवय लागते, ती पुढे सुटता सुटत नाही. घोगरेपणा तीन आठवड्यांपलीकडे टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. कादंबरीतही दाखवा. मुलं वाचणार आहेत.

तंबोऱ्याचंही भान ठेवा. काळी ४ ला लावलेल्या जनानी तंबोऱ्याला काळी १ पर्यंत उतरवलं तर तारा लोंबतात आणि जवारी (तारांची झणझण) बोलत नाही. जाड तारा नाहीतर मोठा तंबोरा लागतो. चाळीतल्या घरी इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा मोबाइलवरचं ॲप असेल, तिथे पट्टी एका बोटानं बदलते. अशा वेळी मिहिर स्वतःच गुपचूप पट्टी बदलून बघेल.

---

गट्टे आणि हातोडी:

वरचं वाचून लिहितोय. तबल्याचा प्रश्न तुमच्या कादंबरीचा कणा होऊ शकेल इतका मोठा आहे, म्हणून जरा लांबण लागेल.

तबला एका पट्टीसाठी बनतो. तोंड जितकं मोठं तितका स्वर खाली. काळी १ चा तबला साधारण साडेपाच इंच तोंडाचा, तर बायकांच्या आणि लहान मुलांच्या साथीला काळी ४-काळी ५ मध्ये लागतो तो मोठ्या तोंडाचा, सहा इंचांच्या आसपासचा. एकच तबला वर-खाली किती न्यायचा याला मर्यादा आहे, अर्धा स्वर, फार तर एक. त्यापुढे चढवला तर पुडीवर (तोंडावरच्या चामड्यावर) ताण येऊन ती चाटेजवळ (कडेच्या चामडी पट्टीजवळ) फाटते किंवा वादी (ताण धरणारा चामडी दोर) तुटते. फार उतरवला तर आस (रेंगाळणारा नाद) मरते, ‘ना’ला टणत्कार राहत नाही, लाकडी ठोका ऐकू येतो.

आता मिहिरच्या सात पायऱ्या सायलीच्या तबल्यावर लावून बघा. तिच्याकडे एकच तबला, काळी ४ चा. मिहिर काळी ३ वर आला तोवर ती गट्टे (ताण देणारे लाकडी ठोकळे) सैल करून निभावते. पांढरी ४ ला तबला ढपढप बोलतो, भांडण इथे होऊ द्या. मिहिर पांढरी ३ ला पोचला की तिला नवा मार्ग सापडतो. तबला षड्जातच (सा) लावला पाहिजे असं नाही, मध्यमात (म) किंवा पंचमातही लावतात. पांढरी ३ चा मध्यम म्हणजे पांढरी ६, तिच्या तबल्याच्या एकच पायरी वर. चढवता येतो. आणि काळी १ चा पंचम कोणता? काळी ४! म्हणजे दिवाळीपर्यंत मिहिर सात पायऱ्या खाली उतरलेला असतो आणि सायलीचा तबला आपल्या मूळ जागी बसून त्याचा पंचम देत असतो. नवा तबला घ्यायला पैसे नाहीत हा चाळीतला साधा प्रश्न स्वरांच्या गणितानंच सुटतो. मनात आणून रचला असता तरी इतका नेमका जमला नसता.

तबला लावण्याचा प्रसंग लिहिणार असाल तर कृती अशी. आठ लाकडी गट्टे वादीखाली बसवलेले असतात. ढोबळ फरक त्यांनी करायचा, गट्टा हातोडीनं खाली सरकवला की ताण वाढतो, स्वर चढतो. बारीक फरक गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या चामडी वेणीवर. गजऱ्याला सोळा घरं असतात. वरून खाली ठोकलं की चढतो, खालून वर ठोकलं की उतरतो. एका घराजवळ चाटेवर ‘ना’ वाजवून ऐकायचं, मग बरोबर समोरचं घर, मग आडवी दोन. शेजारचं घर लगेच ठोकत सुटलं तर पुडी एका बाजूला ओढली जाते आणि स्वर कधीच जुळत नाही. हातोडी गजऱ्यावरून घसरून चाटेवर पडली की पुडी कापली गेली. चौदा वर्षांच्या मुलीला हे सगळं पाच ते दहा मिनिटं लागेल. ‘तिनं दोन ठोके मारले आणि तबला सुरात आला’ असं लिहू नका, वाजवणारी मुलं पुस्तक तिथेच मिटतील.

मुंबईची हवा गोष्टीत येऊ द्या. जुलैत चामडं ओल धरतं, तबला आपोआप उतरतो आणि डग्ग्याची (जोडीतल्या मोठ्या वाद्याची) घुमक दबते. एसी हॉलमध्ये किंवा दिव्यांच्या उष्णतेत पुडी सुकते, तबला चढतो. जानेवारीच्या स्टेजवर दहा मिनिटांत फरक पडू शकतो, तेव्हा गाण्याच्या दोन भागांच्या मधे सायली गजरा खालून हलका ठोकून उतरवेल. पावसात तबला गॅसजवळ किंवा उन्हात ठेवून वाळवायचा मोह सगळ्यांना होतो. शाई (पुडीवरचा काळा गोल) म्हणजे लोखंडाची पूड आणि खळ यांचे घासून घासून चढवलेले थर, अशा शेकानं ती तडकते आणि टवके उडतात. गादीचं झाकण, वर कोरडी पिशवी आणि रोज थोडं वाजवणं, इतकं पुरतं.

आणखी एक. पितळी डग्ग्यासकट जोडी सात-आठ किलोच्या घरात जाते. संध्याकाळी सहाला करी रोडहून दादरला लोकलनं न्यायची म्हणजे तबला खांद्यावर आणि डग्गा पोटाशी. बसायला जागा मिळणार नाही हे धरून लिहा.

---

शाईपेन:

दोघांनाही किती धन्यवाद देऊ! काळी १ चा पंचम काळी ४, हे कळल्यावर शेवटची सहा प्रकरणं नव्यानं आखायला बसले आहे. एक शंका: पंचमातला तबला कुठल्याही रागाला चालेल का? मी कार्यक्रमासाठी मालकंस योजला होता.

---

मंद्रसप्तक:

मालकंस नको. त्यात पंचम वर्ज्य आहे. तंबोऱ्याची पहिली तारसुद्धा तिथे पंचमातून काढून मध्यमात लावतात. प्रत्येक ‘ना’ला तबला पंचम ओरडत राहिला तर राग उभाच राहणार नाही. याच कारणानं मारवा, पूरियाही बाद.

भूप घ्या. सा रे ग प ध, पाचच स्वर, पंचम आहे आणि वेळही रात्रीच्या पहिल्या प्रहराची, म्हणजे स्नेहसंमेलनाला साजेशी. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. भूपाचा वादी (रागाचा मुख्य स्वर) गंधार, रागाचं वजन खालच्या अंगात. मंद्र धैवतापासून मध्य धैवतापर्यंत फिरूनही भूप भरलेला वाटतो, तार सप्तकाला नुसतं शिवून आलं तरी चालतं. नव्या गळ्याला हेच हवं. देसकारात हेच पाच स्वर आहेत, पण त्याचा वादी धैवत, तो सतत वर खेचतो. जूनमध्ये मिहिर हौसेनं देसकार शिकत असेल आणि जानेवारीत त्याच स्वरांचा भूप गाईल, तर रागाचं चलन (स्वरांतून फिरायची रीत) म्हणजे काय हे वाचकाला व्याख्येशिवाय कळेल.

---

तिसरं प्रूफ:

कागदावर कसं आणायचं याबद्दल. किशोर वाचकांच्या हस्तलिखितांवर काम करताना एक दोष सारखा दिसतो: गाणं सुरू झालं की विशेषणं सुरू होतात. सुरेल, भारलेलं, स्वर्गीय. वाचणाऱ्या मुलाला यातून काहीच ऐकू येत नाही. वर दोघांनी जे दिलंय ते वापरा, म्हणजे गळा, चामडं, हातोडी, वारा. ‘“पंचम लाव,” सर म्हणाले. मिहिरनं तोंड उघडलं. वारा आला.’ एवढं पुरे आहे.

घड्याळ सांभाळा. मध्यलयीत मिनिटाला 120 मात्रा (ठोके) धरल्या तर तीनतालाच्या 16 मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, 8 सेकंदांत संपतं. सायली तिहाई (तीनदा वाजवायचा एकच तुकडा) सुरू करते आणि सम (आवर्तनाची पहिली मात्रा) येईपर्यंत लेखिका तिच्या बालपणाची दोन पानं सांगते, असं झालं की लय गेलीच. जेवढा वेळ तेवढीच वाक्यं. आठवण सांगायची असेल तर ती विलंबितात (संथ लयीत) सांगा, तिथे एका आवर्तनाला अर्धा मिनिटही सहज जातं.

तबल्याचे बोल छापायचे ते वेगळ्या ओळीत, शब्दांमध्ये नीट जागा सोडून, आणि पुस्तकभर मिळून तीन-चार वेळाच. त्याहून जास्त झाले की डोळा ते ओलांडून जातो. शेवटी शब्दार्थांची यादी जोडू नका. गजरा म्हणजे काय ते हातोडी पडते तिथे कळेल, तालातली ‘खाली’ म्हणजे काय ते हात हवेत उघडतो तिथे कळेल. एक संज्ञा पहिल्यांदा येते तेव्हा त्याच परिच्छेदात कुणीतरी तिचा उपयोग करताना दिसलं पाहिजे. हा नियम पाळलात तर समजावून सांगणारं गुरुजींचं भाषण लागत नाही.

पहिल्या खर्ड्यातला स्पर्धेचा प्रसंग काढू नका, हलवा. तो ऑगस्टमध्ये ठेवा आणि तिथे आवाज फाटू देऊ नका. मिहिर घाबरून तार सप्तक टाळतो, परीक्षकांना कळत नाही, बक्षीसही मिळतं, आणि सायलीला मात्र सगळं कळलेलं असतं. चौदाव्या वर्षी हे जास्त बोचतं.

ओळी छापण्याबद्दल: आपल्याकडे साहित्यकृतीचा स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. ज्ञानेश्वर, तुकाराम, जनाबाई निर्धास्त घ्या, फक्त आधुनिक संपादकाच्या टीपा उचलू नका. जुन्या पारंपरिक बंदिशींचीही अडचण नाही. सिनेमाच्या गाण्याची एक ओळ छापायची तरी हक्कधारकाची लेखी परवानगी लागते आणि ती मिळवायला वेळ जातो. ओळ न देता गाणं कुठे वाजतंय, कोण गुणगुणतंय एवढंच लिहिलं तर परवानगीचा प्रश्न येत नाही.

---

सातरस्ता:

वेळापत्रकाचं थोडं. दहीहंडी साधारण ऑगस्टमध्ये, काही वर्षी सप्टेंबरात जाते. लालबागचा मुलगा दिवसभर ‘गोविंदा’ ओरडणार आणि दुसऱ्या दिवशी घसा पूर्ण बसणार. फुटणाऱ्या आवाजाला हा सगळ्यात वाईट दिवस, आणि त्याला अडवणं कुणाच्या हातात नाही. पाठोपाठ गणपती. त्या दिवसांत लालबागमध्ये घरात रियाज अशक्य, खिडकी लावली तरी ढोल-ताशा आणि बेंजो आत येतातच. मिहिरला सायनला मावशीकडे पाठवा किंवा पहाटे पाचला उठवा.

मिहिर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत असेल तर प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण हे झालेलं आणि नववीत मध्यमा प्रथम, असा हिशोब बसतो. हिवाळी सत्राच्या परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात असतात, म्हणजे नवा आवाज पुरता स्थिरावायच्या आत. शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे ‘यंदा परीक्षा नको’ हे घरी सहज पटणार नाही. संघर्षाला हे अस्सल कारण आहे.

स्नेहसंमेलन उघड्या मैदानावर असेल तर रात्री 10 ला लाउडस्पीकर बंद करावा लागतो. परळ भागात केईएम, टाटा, वाडिया अशी रुग्णालयं आहेत, आणि रुग्णालयाच्या 100 मीटरच्या आत शांतता क्षेत्र असतं. भाषणं लांबली, नाटुकलं लांबलं, आणि शेवटच्या कार्यक्रमाला वीसऐवजी आठ मिनिटं उरली, असं करता येईल. मग काय गाळायचं ते त्या दोघांनी स्टेजमागे ठरवायचं.

---

शाईपेन:

आठ मिनिटं! घेतलं. मग भूपातली एकच मध्यलयीची बंदिश, झपतालात. त्यात सायलीला शेवटी एक तिहाई द्यायची आहे, जी वाचकाला मोजता येईल. सोपी सांगाल का?

---

गट्टे आणि हातोडी:

हे बोल घ्या, सगळ्यांना ठाऊक असलेले:

तिट  कत  गदि  गन  धा

प्रत्येक शब्द एक मात्रा, म्हणजे पाच मात्रा. तीनदा म्हटले की पंधरा, आणि शेवटचा धा समेवर पडायला हवा. झपताल दहा मात्रांचा, तेव्हा सातव्या मात्रेपासून सुरुवात करायची. सात, आठ, नऊ, दहा आणि पहिला धा थेट समेवर. मग दोन, तीन, चार, पाच आणि दुसरा धा सहाव्या मात्रेवर, म्हणजे ‘खाली’वर, जिथे टाळी नसते. पुन्हा सात ते दहा आणि तिसरा धा समेवर. मिनिटाला 120 च्या लयीत हे सगळं सात सेकंदांत होतं. हेच बोल तीनतालात तिसऱ्या मात्रेपासून सुरू करावे लागतात आणि तिथे पहिले दोन धा सातव्या आणि बाराव्या मात्रेवर पडतात, इतके ठळक नाहीत. झपतालात तिन्ही धा तालाच्या खुणांवर येतात, म्हणून वाचकाला मोजायला हाच बरा.

यात धोकाही आहे आणि तो तुमच्या कामाचा आहे. पहिला धा समेवर पडल्यामुळे गाणाऱ्याला वाटतं, तिहाई संपली. तालीम कमी असेल तर मिहिर तिथेच मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) धरेल आणि पुढचे दोन धा त्याच्या शब्दांवर आदळतील. सायलीनं पहिला धा थोडा दाबून, डग्गा कमी ठेवून वाजवावा आणि तिसऱ्याला डग्गा पूर्ण उघडा सोडावा. मिहिरनं हातावर ताल देत राहावं, टाळी पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेला, सहावीला हात उघडा. हात उघडा असताना दुसरा धा आला की अजून एक फेरी बाकी आहे हे त्याला कळतं.